पारण्याचं शहाणपण
(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांच्या वर्गात मी आठवीत होतो. शरीरशास्त्राच्या तासाला ते खाटकाकडून बकऱ्याचं काळीज आणायचे, ताटात ठेवायचे आणि एकेकाला पुढे बोलावून म्हणायचे, "हात लाव. हे कधी झोपत नाही." त्या गार, जड, गुळगुळीत अवयवाला लावलेला हात मला अजून आठवतो. पुढे मी डॉक्टर झालो, त्याची सुरुवात त्या ताटापाशी झाली असं मी मानतो. म्हणून आज मी निवडलेला विषय त्यांना आवडला असता. विषय आहे रसांवर राहून शरीर शुद्ध करण्याचा, ज्याला आज घरोघरी 'डिटॉक्स' म्हणतात.

सकाळी कुठल्याही मोठ्या बागेच्या फाटकापाशी उभं राहा. टेबलावर स्टीलची पातेली मांडलेली असतात. दुधीचा रस, कारल्याचा रस, कडुलिंब, आवळा, कोरफड, गव्हांकुर. फिरून आलेली माणसं एकेक पेला घेतात आणि घरी जाऊन पोहे खातात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझी काळजी त्यापुढच्या पायरीची आहे. तीन दिवस, सात दिवस, कधी एकवीस दिवस अन्न बंद ठेवायचं, दिवसाला सहा बाटल्या रस प्यायचे, आणि त्यानं शरीरात साठलेलं 'विष' निघून जातं असं मानायचं. या बाटल्या आता दारापर्यंत येतात. शिबिरं भरतात. आणि त्यातून बाहेर पडलेली काही माणसं माझ्यासारख्याच्या दवाखान्यात येतात.

त्यांतल्या एका बाई मला विसरता येत नाहीत. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगतो. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरीतून नुकत्याच निवृत्त, दहा वर्षांचा मधुमेह, पण गोळ्यांवर उत्तम आटोक्यात. सात दिवसांच्या रसउपवासाला बसल्या. तिसऱ्या दिवशी मळमळ सुरू झाली. चौथ्या दिवशी उलट्या. शिबिरात सांगितलं गेलं, "घाबरू नका, विष बाहेर पडतंय." त्यांनी बोट टोचून साखर तपासली, ती १७० होती. एवढी साखर ठीक आहे म्हणून त्या निर्धास्त राहिल्या. पाचव्या दिवशी त्यांना धाप लागली आणि मुलानं त्यांना उचलून आणलं. रक्त तपासलं तर ते आम्लानं भरलेलं होतं.

झालं होतं ते असं. त्यांच्या गोळ्यांमध्ये एक गोळी ग्लिफ्लोझिन गटातली होती. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकते, म्हणून मीटरवरचा आकडा चांगला दिसतो. पण अन्न बंद असताना आणि इन्शुलिन कमी असताना हीच गोळी शरीराला चरबी जाळायला लावते, आणि त्या चरबीतून होणारी कीटोन आम्लं रक्तात साचत जातात. साखर जवळपास नेहमीची, आणि माणूस मात्र बुडत चाललेला. सलाईन, इन्शुलिन आणि ग्लुकोजवर तीन दिवस काढून त्या वाचल्या. घरी जाताना त्यांनी मला जे सांगितलं, त्यातून हे व्याख्यान निघालं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मला आतून कळत होतं काहीतरी बिघडतंय. पण जेवढा त्रास जास्त, तेवढी शुद्धी जास्त, असं मी स्वतःला समजावत राहिले."

श्रोतेहो, या पद्धतीतली सगळ्यांत धोक्याची गोष्ट हीच आहे. शरीर देत असलेली प्रत्येक हाक इथे यशाची खूण ठरते. डोकं दुखलं, चक्कर आली, तोंडाला वास आला, की विष निघालं. मग ऐकायचं कोणाचं?

म्हणून आधी पाहू, अन्न थांबलं की शरीरात खरंच काय होतं.

आपल्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते, आणि स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम. हा साठा कोरडा नसतो. एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी त्याला धरून असतं. अन्न कमी पडलं की पहिल्या दोन दिवसांत हा साठा उतरतो आणि त्याच्याबरोबर ते पाणीही जातं. दोन किलो वजन घटलं म्हणून आनंद होतो, त्यातला मोठा भाग हे पाणी. जेवायला लागलं की साठा भरतो आणि पाणी परत येतं. दुसरीकडे इन्शुलिन खाली आल्यावर मूत्रपिंडं मीठ सोडायला लागतात. मिठामागे पुन्हा पाणी जातं, रक्तदाब उतरतो, आणि उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. फळांच्या रसांत सोडियम फार थोडं असतं, त्यामुळे ही तूट भरून निघत नाही. रक्तदाबासाठी मूत्रल गोळी घेणारा वयस्क माणूस वर भरपूर पाणीही प्यायला, तर त्याच्या रक्तातलं सोडियम इतकं घसरू शकतं की तो बरळायला लागतो, प्रसंगी झटका येतो.

डोकेदुखीचं कारण पुष्कळदा अगदी घरगुती असतं. रोज चार कप चहा पिणाऱ्याचा चहा बंद झालेला असतो. तोंडाला येणारा आंबूस-गोडसर वास अॅसिटोनचा, म्हणजे जळणाऱ्या चरबीचा. यांतल्या कशालाही विषाची गरज नाही.

मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. साठा संपला की यकृत ते नव्यानं बनवतं, आणि कच्चा माल म्हणून स्नायूंमधली प्रथिनं वापरतं. पूर्ण उपवासाच्या पहिल्या दिवसांत रोज ७५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं अशी मोडतात, म्हणजे पाव किलोहून अधिक स्नायू. बोस्टनच्या जॉर्ज कॅहिल यांच्या गटानं १९६७ साली दाखवून दिलं की लांबलेल्या उपवासात मेंदू हळूहळू कीटोनवर चालायला शिकतो आणि स्नायूंची झीज कमी होते. उपासमारीत माणूस तग धरतो तो या सोयीमुळे. रसातली साखर ही झीज थोडी आवरते खरी, पण रसात प्रथिनं नसल्यासारखीच, म्हणून ती थांबत नाही. शिवाय त्याच साखरेमुळे इन्शुलिन पुन्हा पुन्हा चढत राहतं. जपानचे योशिनोरी ओहसुमी यांना पेशींच्या स्वतःचा कचरा पचवण्याच्या यंत्रणेसाठी २०१६चं नोबेल मिळालं, तेव्हापासून 'ऑटोफॅजी' हा शब्द बाटल्यांच्या जाहिरातींत आला. ओहसुमींनी ती यंत्रणा यीस्टच्या उपाशी पेशींत उलगडली. इन्शुलिन तीच यंत्रणा मंद करतं. दर दोन तासांनी गोड रस पिऊन तिला जागवता येत नाही.

आता गुरुजींच्या ताटातल्या त्या अवयवाकडे, म्हणजे यकृताकडे येतो.

यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त जातं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात. शरीराची सफाई ही अशी अखंड चालते. प्रथिनं पचताना होणारा विषारी अमोनिया यकृत युरियात बदलतं. औषधं, दारू, कीटकनाशकांचे अंश यांचं ते रासायनिक रूप बदलतं आणि मग त्यांना एकेक जोड देतं, कधी सल्फेटचा, कधी ग्लायसिनचा, कधी ग्लुटाथायोनचा. त्या जोडामुळे ती पाण्यात विरघळतात आणि लघवीतून किंवा पित्तातून निघून जातात.

ग्लुटाथायोन तीन अमिनो आम्लांचं बनतं. अमिनो आम्लं येतात डाळीतून, दुधातून, अंड्यातून, मासळीतून. म्हणजे यकृताला सफाईसाठी जे हत्यार लागतं, ते आपल्या ताटातूनच येतं. रसउपवासात आपण तेच काढून घेतो. म्हणूनच उपाशी किंवा कुपोषित माणसाला पॅरासिटामॉल देताना आम्ही हात आखडता घेतो. त्याच्या यकृतात ग्लुटाथायोन कमी असतं आणि एरवी सहज निभावणारी मात्रा इजा करू शकते. उपवासानं डोकं दुखतं म्हणून त्या गोळ्यांवर गोळ्या घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मग शरीरात विष साचतं ही कल्पना आली कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये शार्ल बुशार यांनी मांडलं की आतड्यात सडणारं अन्न रक्तात विष सोडतं. लंडनचे नामांकित शल्यचिकित्सक आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठासाठी माणसांची मोठी आतडी काढून टाकली. १९१९ साली अमेरिकेतल्या वॉल्टर अल्व्हारेझ यांनी साधा प्रश्न विचारला. शौचाला होताच काही क्षणांत डोकं हलकं होतं. रक्तातलं विष इतक्या लवकर कसं जाईल? त्यांनी गुदाशयात नुसता कापूस भरून पाहिला, तर तीच डोकेदुखी, तोच जडपणा आला. त्रास होता ताण पडल्याचा. वैद्यकानं तो सिद्धांत सोडला. बाजारानं तो उचलून ठेवला. १९७६ साली अमेरिकेत स्टॅन्ली बरोज यांच्या 'मास्टर क्लेन्झर' या पुस्तकानं लिंबूरस, मेपलचा पाक आणि लाल मिरचीच्या पुडीचं पेय दहा-दहा दिवस प्यायला सांगितलं. आजच्या बहुतेक डिटॉक्स बाटल्या त्याच वंशातल्या.

विष म्हणजे नेमकं कोणतं, हे विचारलं की उत्तर येत नाही. २००९ साली ब्रिटनमधल्या तरुण संशोधकांनी डिटॉक्सच्या नावानं विकल्या जाणाऱ्या १५ वस्तूंच्या उत्पादकांना हाच प्रश्न केला, तर कोणालाही त्याचं पुराव्यासह उत्तर देता आलं नाही. काही लोक डोळ्यांनी पाहिलेला पुरावा सांगतात. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन दुसऱ्या दिवशी हिरवट खडे पडतात, ते पित्ताशयातले म्हणून. 'लॅन्सेट'मध्ये २००५ साली अशा खड्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. ते प्यायलेल्या तेलापासून पोटातच झालेले साबणाचे गोळे होते. उलट, आहारात स्निग्ध पदार्थ अजिबात नसले की पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त घट्ट होतं, आणि झपाट्यानं वजन उतरणाऱ्यांत खरेखुरे खडे तयार होतात.

आता आपल्या स्वयंपाकघराजवळ येऊ. इथे जे सांगायचं आहे ते आपल्या आजीला ठाऊक होतं.

दुधी चिरताना ती देठाकडची एक चकती जिभेला लावून पाहायची. कडू लागला तर दुधी टाकून द्यायची. दुधी, काकडी, दोडका या वेलींत कुकुर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्यं असतात, आणि कधीकधी ती फार वाढतात. भाजी कडू लागली तर आपण पहिल्या घासालाच थांबतो. रस मात्र औषध म्हणून प्यायचा असतो, आणि औषध कडूच असतं असं आपण गृहीत धरतो. त्यामुळे पेला रिकामा होतो. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसानंतर मृत्यू झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली, तिचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं, असं चित्र त्यात नोंदलं आहे. या विषावर उतारा नाही, लक्षणांवर उपचार करत राहणं एवढंच हाती असतं. समितीनं लोकांना दिलेला सल्ला आजीचाच होता. रस काढण्याआधी तुकडा चाखून पाहा. कडू असेल तर पिऊ नका. दुसरे रस त्यात मिसळू नका, कारण मग कडूपणा झाकला जातो.

दुसरी गोष्ट पालकाची. पालक, बीट यांत ऑक्झलेट भरपूर असतं. आपण पालक ताकात शिजवतो. ताकातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि शौचावाटे काढून टाकतं. कच्च्या पालकाच्या रसात ही राखण नाही. दिवसाकाठी जुडीच्या जुडी पालक पिणाऱ्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे स्फटिक साचून मूत्रपिंड निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, विशेषतः ज्यांची मूत्रपिंडं आधीच कमजोर होती किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली होती अशांच्या. कोकणात, गोव्यात आवडीनं खाल्लं जाणारं करंबळ, ज्याला काही जण कमरख म्हणतात, मूत्रपिंडाच्या रोग्यानं तर शिवूच नये. त्यातलं एक द्रव्य मेंदूवर जातं, उचकी लागते, झटके येतात. शहाळ्याच्या एका पेल्यात ६०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. निरोगी माणसाला ते चांगलंच. पण मूत्रपिंड कमकुवत असताना, किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या पोटॅशियम वाढवत असताना, दिवसभर शहाळी आणि रस पिणं हृदयाचे ठोके बिघडवू शकतं.

"रसांत प्रथिनं घातली तर?" असं मला विचारतात. तो प्रयोगही झाला आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत जनावरांच्या कातडी-कंडऱ्यांपासून काढलेल्या प्रथिनांचं द्रव पिऊन महिनोन्‌महिने राहण्याची लाट आली. त्यात सुमारे ६० मृत्यू नोंदले गेले. हृदयाची लय अचानक बिघडली होती. त्याआधी १९११ साली वॉशिंग्टन राज्यात लिंडा हॅझर्ड नावाच्या बाईंना अटक झाली. त्या टोमॅटोचं पातळ सार देऊन लोकांना महिनोन्‌महिने उपाशी ठेवत. एका रोगिणीच्या मृत्यूबद्दल त्यांना शिक्षा झाली. पुढे १९३८ साली स्वतःच्याच उपवासात त्या गेल्या. त्यांचा स्वतःच्या मतावर पूर्ण विश्वास होता. रोग्यांचाही होता. विश्वास कमी पडला म्हणून कोणी मेलं नाही.

हे ऐकून कोणी म्हणेल, डॉक्टर उपवासाच्या विरोधात आहेत. मी नाही. माझी आई आयुष्यभर एकादशी करत आली. पण आपल्या परंपरेत उपवास कसा बांधलेला आहे, ते पाहा.

आयुर्वेदात लंघनाला मोठा मान आहे. पण चरकसंहिता बजावते की आरोग्य बळावर उभं असतं, म्हणून बळ तुटेल असं लंघन करू नये. शोकानं, भयानं, श्रमानं आलेल्या ज्वरात ते वर्ज्य सांगितलं आहे. पंचकर्मानंतर संसर्जनक्रम सांगितला आहे. पहिल्यांदा पेज, मग दाटसर विलेपी, मग मुगाचं कढण, आधी बिनफोडणीचं आणि मग फोडणीचं, असं करत नेहमीच्या जेवणावर यायचं. घरच्या व्रतांतही लहान मूल, गरोदर बाई, बाळंतीण, आजारी माणूस यांना सूट असते. आणि द्वादशीला वेळेवर पारणं करायचं असतं. पारणं चुकलं तर एकादशी वाया गेली असं मानतात.

या क्रमात आणि पारण्यात केवढं शहाणपण आहे, हे आधुनिक वैद्यकाला दुसऱ्या महायुद्धानंतर कळलं. छावण्यांतून सुटलेल्या उपाशी माणसांना दयेनं भरपेट खाऊ घातलं, आणि त्यांतले कित्येक त्यानंतर दगावले. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम साखर गेली की इन्शुलिन उसळतं. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढले जातात, थायमिन संपतं, आणि हृदय, फुप्फुसं, मेंदू डळमळतात. आजही अतिदक्षता विभागात अशा रोग्याला आम्ही थोड्या थोड्या कॅलरींनी सुरुवात करतो. ती आमची पेज. दहा-पंधरा दिवसांच्या उपवासानंतर पहिल्याच दिवशी श्रीखंड-पुरीवर बसणारा माणूस नेमकं हेच विसरतो.

शरीराचं हे भान एका मोठ्या उपवासातही दिसतं. १९४३ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी १० फेब्रुवारी ते ३ मार्च असा एकवीस दिवसांचा उपवास केला. वय ७३. त्या वेळी त्यांच्याभोवती सुशीला नायर, डॉ. गिल्डर, बिधानचंद्र रॉय असे डॉक्टर होते. प्रकृती गंभीर झाली आणि पाणीही पोटात ठरेना, तेव्हा पाण्यात मोसंबीचा थोडा रस घेणं त्यांनी मान्य केलं. प्राण पणाला लावलेल्या त्या उपवासातही शरीराची हाक ऐकली गेली.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. एक दिवस हलकं खाल्लंत, रात्री लवकर जेवलात, आठवड्यातून एकदा मुगाच्या कढणावर राहिलात, तर निरोगी माणसाचं काही बिघडत नाही, आणि सतत चरणाऱ्या जिभेला वळण लागतं. फळ पिण्यापेक्षा चावून खा, कारण गाळणीत राहिलेल्या चोथ्यातच आतड्याचं अन्न आहे. पण मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन, मूत्रपिंडाचा विकार, यकृताचा विकार, गाऊट, रक्तदाबाची औषधं, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, अंगावर पिणारं बाळ, खाण्याविषयी मनात बसलेली भीती, यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अन्न बंद करू नका. आणि उपवासात उलटी, धाप, छातीत धडधड, बरळणं यांतलं काही झालं, तर तो उपवास तिथेच संपला. कोणी कितीही सांगो की विष निघतंय.

गुरुजींविषयी एक शेवटची आठवण. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या निर्जळी एकादशी होती. साठीनंतर त्यांना मधुमेह झाला. एके दिवशी ते दवाखान्यात आले, समोर बसले आणि विचारलं, "मी उपास सोडू का? खरं सांग." मी घाबरत घाबरत हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली. पुढच्या एकादशीपासून त्यांनी वेळेवर जेवायला सुरुवात केली आणि संध्याकाळ मोकळी ठेवली. त्या संध्याकाळी वस्तीतली मुलं त्यांच्या ओट्यावर विज्ञान शिकायला येऊ लागली. ते जाईपर्यंत तो नेम चुकला नाही. शेवटच्या आजारात त्यांचं अन्न बरेच दिवस बंद होतं. एका सकाळी त्यांनी डोळे उघडून खायला मागितलं. त्यांच्या सुनेनं तांदळाची पातळ पेज मीठ घालून आणली. मी चमचा उचलला, तर ते हळूच म्हणाले, "एकदम नको. हळूहळू."

तेवढंच मी आज तुमच्यापुढे लांबवून सांगितलं.